टॉक्सोप्लाझ्मोसिस : माता, माती आणि मांजर

माता व बालक यांचे आरोग्य हा समाजाच्या प्रगतीचा पाया होय. बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली, धनुर्वाताची लस खेड्यापाड्यांत पोहोचली आणि गर्भवतीच्या रक्ताची तपासणी ही नित्याची बाब झाली. या प्रयत्नांचे फळ आज आपण पाहत आहोत. तथापि काही रोग असे आहेत की, ते मातेस फारसा त्रास देत नाहीत. मात्र तिच्या उदरातील बालकावर घाला घालतात. मातेला ताप नाही, वेदना नाही, म्हणून त्यांच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. टॉक्सोप्लाझ्मोसिस हा अशांपैकी एक रोग आहे.

काही महिन्यांपूर्वी एका खेड्यातील महिला मेळाव्याच्या निमित्ताने प्रस्तुत लेखकास तेथे जाण्याचा योग आला. मेळावा आटोपल्यावर एक तरुणी आपल्या सासूबाईंसह थांबून राहिली. तिचा दोनदा गर्भपात झाला होता. तिच्या हातातील रक्ततपासणीच्या अहवालावर एका ओळीपुढे ‘पॉझिटिव्ह’ असा शब्द होता. “साहेब, हिला मांजराचा रोग झालाय म्हणतात. घरातलं मांजर पोत्यात घालून लांब सोडून आलो. आता तरी पोर टिकेल का?” असे सासूबाईंनी विचारले. त्या वेळी उत्तर देण्याइतकी माहिती लेखकापाशी नव्हती. ती मिळविण्यासाठी पुढे जे वाचन केले व वैद्यकीय अधिकाऱ्यांशी जी चर्चा केली, तिचे सार येथे देत आहे. अहवालातील त्या एका शब्दाचा त्या कुटुंबाने लावलेला अर्थ खऱ्या अर्थाच्या जवळजवळ उलट होता, हे पुढील विवेचनावरून वाचकांच्या ध्यानात येईल.

जंतूचा शोध

हा रोग ‘टॉक्सोप्लाझ्मा गोंडी’ नावाच्या एकपेशीय परोपजीवी जंतूमुळे होतो. हिवतापाच्या जंतूचा हा दूरचा नातेवाईक म्हणता येईल. १९०८ साली ट्यूनिस येथील पाश्चर संस्थेत चार्ल्स निकोल व लुई मांसो या शास्त्रज्ञांना ‘गुंडी’ नावाच्या एका उंदरासारख्या प्राण्यात तो प्रथम आढळला. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये आल्फोन्सो स्प्लेंडोर यांना तो सशाच्या शरीरात दिसला. जंतूचा आकार धनुष्यासारखा वक्र असल्यामुळे धनुष्य या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव पडले. ‘गोंडी’ हा शब्द गुंडी या प्राण्यावरून आला असून आपल्याकडील गोंड समाजाशी त्याचा काहीही संबंध नाही.

हा जंतू मातेकडून गर्भाकडे जातो, हे १९३९ साली न्यूयॉर्कमधील वुल्फ, कॉवेन व पेज या डॉक्टरांनी दाखवून दिले. १९४८ मध्ये आल्बर्ट सेबिन व हॅरी फेल्डमन यांनी रक्तातून हा संसर्ग ओळखण्याची चाचणी तयार केली. तोंडावाटे देण्याच्या पोलिओ लसीमुळे पुढे जगप्रसिद्ध झालेले सेबिन ते हेच. परंतु हा जंतू माणसाच्या शरीरात शिरतो कसा, हे कोडे त्यानंतरही अनेक वर्षे सुटले नव्हते. १९६५ साली फ्रान्समधील संशोधकांनी एका क्षयरोग रुग्णालयातील मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. तेथील मुलांना अर्धेकच्चे मांस देण्याची पद्धत होती आणि असे मांस जितके अधिक, तितके संसर्गाचे प्रमाण अधिक, असे त्यांत दिसून आले. पण मग मांस न खाणाऱ्या माणसांनाही हा संसर्ग का व्हावा? याचे उत्तर १९६९-७० च्या सुमारास मिळाले. या जंतूचे पूर्ण जीवनचक्र मांजराच्या आतड्यात घडते, असे निरनिराळ्या देशांतील संशोधकांना आढळून आले. या संशोधनात जे. पी. दुबे या भारतीय वंशाच्या पशुवैद्यकीय शास्त्रज्ञांचा महत्त्वाचा वाटा होता.

मांजरापासून मातीपर्यंत

मांजर एखादा संसर्गित उंदीर किंवा पक्षी खाते, तेव्हा हा जंतू त्याच्या आतड्यात वाढतो व मांजराच्या विष्ठेतून त्याचे सूक्ष्म बीजकोश बाहेर पडू लागतात. वाघ, बिबट्या इत्यादी मार्जारकुळातील इतर प्राण्यांतही असेच घडते. मात्र कुत्रा, गाय, शेळी किंवा माणूस यांच्या विष्ठेतून हे बीजकोश पडत नाहीत. एक मांजर लक्षावधी बीजकोश टाकते. परंतु बहुधा आयुष्यात एकदाच, पहिल्या संसर्गानंतर एक ते तीन आठवडे एवढाच काळ.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, ताजी विष्ठा लगेच धोकादायक नसते. बीजकोश पक्व होण्यास एक ते पाच दिवस लागतात. म्हणून विष्ठा रोजच्या रोज काढून टाकली, तर धोका बराच टळतो. दुसरी अशी की, एकदा पक्व झालेला बीजकोश ओलसर व सावलीच्या मातीत वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ जिवंत राहू शकतो. मांजराची सवय मऊ माती उकरून त्यात विष्ठा पुरण्याची. परसातील वाफे, गोठ्याचा कोपरा, बांधकामाच्या वाळूचा ढीग, धान्याच्या कोठीजवळची भुसभुशीत जागा, ही त्याची आवडती ठिकाणे होत. तेथून पावसाच्या पाण्याबरोबर हे बीजकोश शेतात, ओढ्यात व उघड्या विहिरीत पोहोचतात.

चरणाऱ्या शेळ्यामेंढ्यांच्या पोटात ते गवताबरोबर जातात व त्यांच्या मांसात सूक्ष्म पुटींच्या रूपाने टिकून राहतात. शेळ्यामेंढ्यांचे गर्भपात होण्याच्या कारणांपैकी हे एक कारण आहे. त्यामुळे हा प्रश्न जसा आरोग्य खात्याचा आहे, तसाच तो पशुपालकांचाही आहे.

माणसाला संसर्ग कसा होतो?

माणसाच्या शरीरात हा जंतू मुख्यत्वे चार वाटांनी शिरतो. पहिली वाट म्हणजे अर्धेकच्चे मांस. दुसरी, मातीने दूषित झालेले हात व न धुतलेल्या भाज्या. तिसरी, दूषित पाणी. आणि चौथी, मातेकडून गर्भाकडे. न तापवलेल्या शेळीच्या दुधातूनही संसर्ग झाल्याची उदाहरणे आहेत. मांजराला नुसते गोंजारल्याने, ते मांडीवर बसल्याने किंवा घरात वावरल्याने सहसा हा रोग होत नाही. एका माणसाकडून दुसऱ्याकडे तो स्पर्शाने वा सहवासाने पसरत नाही.

पाण्याची वाट किती मोठी असू शकते, हे कॅनडातील व्हिक्टोरिया शहराने १९९५ साली अनुभवले. तेथे सार्वजनिक पाणीपुरवठ्याशी निगडित असा या रोगाचा उद्रेक होऊन शंभर जणांना त्याची बाधा झाल्याचे निश्चित झाले. आपल्या देशातही तमिळनाडूतील कोइमतूर परिसरात २००४-०५ च्या सुमारास या जंतूमुळे डोळ्यांचा विकार जडलेले सुमारे अडीचशे रुग्ण नेत्रतज्ज्ञांच्या पाहण्यात आले आणि तेथेही पाण्याबद्दलच संशय व्यक्त झाला. येथे पंचायत सदस्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. विहिरीत वा टाकीत टाकण्याच्या ब्लीचिंग पावडरने पटकी, अतिसार यांच्या जंतूंचा बंदोबस्त होतो व म्हणून ती टाकलीच पाहिजे. परंतु टॉक्सोप्लाझ्माचे कवचधारी बीजकोश तिला दाद देत नाहीत. ते उकळण्याने मरतात आणि चांगल्या गाळणप्रक्रियेने अडतात.

गर्भावर होणारे परिणाम

निरोगी प्रौढ व्यक्तीला या संसर्गाचा त्रास बहुधा जाणवतच नाही. क्वचित बारीक ताप येतो, अंग दुखते, मानेच्या गाठी सुजतात व काही आठवड्यांत सर्व पूर्ववत होते. जंतू शरीरात सुप्तावस्थेत राहतो. परंतु शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करून त्याला आवरून धरते. जगातील सुमारे एकतृतीयांश लोकांच्या शरीरात तो अशा रीतीने वास करून असावा, असा अंदाज आहे.

स्त्रीला हा संसर्ग आयुष्यात पहिल्यांदाच आणि नेमका गर्भारपणात झाला, म्हणजे मात्र चित्र पालटते. तिच्या शरीरात प्रतिपिंडांची फळी उभी राहण्यापूर्वीच जंतू रक्तावाटे वारेत व तेथून गर्भात पोहोचू शकतो. पहिल्या तीन महिन्यांत संसर्ग झाल्यास तो गर्भापर्यंत पोहोचण्याचे प्रमाण कमी, साधारणपणे शेकडा १५ च्या आत असते. पण पोहोचल्यास हानी गंभीर होते. गर्भपात होणे, मूल मृत जन्मणे, डोक्यात पाणी साचणे, मेंदूत चुन्याचे कण साचणे, अशा आपत्ती ओढवतात. शेवटच्या काही आठवड्यांत संसर्ग झाल्यास तो गर्भात उतरण्याचे प्रमाण शेकडा ७० च्या आसपास जाते; मात्र अशी बालके जन्मतः बहुधा धडधाकट दिसतात. त्यांच्यापैकी काहींना पुढे, कधी कधी शाळेत जाण्याच्या वयात किंवा ऐन तारुण्यात, दृष्टिपटलाच्या दाहामुळे अंधत्वाला सामोरे जावे लागते. फळ्यावरचे अक्षर न दिसणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याच्या व्यथेचे मूळ अशा रीतीने त्याच्या जन्मापूर्वीच्या काळात असू शकते. जगात दर वर्षी सुमारे १ लक्ष ९० हजार बालके हा संसर्ग घेऊन जन्मतात, असा अंदाज २०१३ साली प्रसिद्ध झाला आहे.

याउलट ज्या स्त्रीला गर्भधारणेच्या पुष्कळ आधी हा संसर्ग होऊन गेला आहे, तिच्या शरीरातील प्रतिपिंडे तिच्या बालकाचे रक्षण करतात. एचआयव्हीसारख्या कारणाने जिची प्रतिकारशक्ती खालावली आहे, ती स्त्री मात्र याला अपवाद होय.

कमी आकड्याचा खरा अर्थ

भारतातील २३ हजारांहून अधिक रक्तनमुन्यांच्या आधारे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत शेकडा २४ नमुन्यांत या जंतूची प्रतिपिंडे आढळली. त्यानंतर २०१४ मध्ये केवळ प्रजननक्षम वयातील १,४६४ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत हे प्रमाण देशभरात शेकडा २२.४ एवढे दिसून आले. दक्षिण भारतात ते शेकडा ३७.३, पूर्वेस २१.२, उत्तरेस १९.७, तर पश्चिम भारतात अवघे ८.८ होते. वाढत्या वयाबरोबर ते वाढत जाते, असेही त्यात आढळले. जितकी वर्षे माती, पाणी व अन्न यांच्याशी संबंध येतो, तितकी संसर्गाची संधी वाढते, हाच त्याचा अर्थ होय.

पश्चिम भारताचा हा आकडा वाचून आपल्याकडे हा रोग नाही, असे समाधान कोणी मानील. परंतु तो हिशेब अपुरा ठरेल. शंभरांपैकी नऊ स्त्रियांना संसर्ग होऊन गेला आहे, याचाच दुसरा अर्थ असा की, उरलेल्या एक्याण्णव जणींच्या शरीरात या जंतूविरुद्ध कोणतेही संरक्षण नाही. गर्भारपणात पहिला संसर्ग होण्याचा धोका नेमका त्यांनाच आहे. ज्या प्रदेशात जंतूचा वावर कमी, तेथे संसर्गाची संधीही कमी, हे खरे. पण परिस्थिती सर्वत्र सारखी नसते. ज्या घरी उघड्या विहिरीचे पाणी आहे, ज्या स्त्रीचा दिवस खुरपणीत जातो, तिच्या वाट्याला येणारी संधी सरासरीच्या आकड्यात दिसत नाही.

फ्रान्सचे उदाहरण या बाबतीत उद्बोधक आहे. त्या देशात १९७८ पासून विवाहापूर्वी ही तपासणी करण्याची पद्धत सुरू झाली आणि ज्या गर्भवतींना पूर्वी संसर्ग झालेला नाही, त्यांची १९९२ पासून दरमहा रक्ततपासणी होऊ लागली. तेथील गर्भवतींमध्ये पूर्वसंसर्गाचे प्रमाण १९९५ साली शेकडा ५४ होते, ते २०१० पर्यंत ३७ वर आले. जसजशी स्वच्छता वाढली, तसतशा असंरक्षित स्त्रियाही वाढल्या. म्हणूनच प्रत्येक असंरक्षित गर्भवतीला आहार व स्वच्छतेचा सल्ला देण्यावर तेथे भर देण्यात आला. दरमहा तपासणीचा खर्च प्रत्येक देशाला झेपेलच असे नाही. परंतु सल्ला देण्यास काहीच खर्च येत नाही.

अहवाल कसा समजून घ्यावा?

आता आरंभी उल्लेखिलेल्या तरुणीच्या अहवालाकडे वळू. या चाचणीत मुख्यतः दोन प्रकारची प्रतिपिंडे पाहतात. ‘आयजीएम’ प्रकारची प्रतिपिंडे संसर्गानंतर लवकर निर्माण होतात. ‘आयजीजी’ प्रकारची त्यानंतर येतात व आयुष्यभर टिकतात. केवळ ‘आयजीजी’ पॉझिटिव्ह असणे म्हणजे संसर्ग पूर्वी केव्हातरी होऊन गेला व आता संरक्षण आहे. त्या तरुणीचा अहवाल असाच होता. वारंवार होणाऱ्या गर्भपाताचे कारण म्हणून अशा जुन्या संसर्गाकडे बोट दाखविता येत नाही. तिला खरी गरज होती ती अन्य कारणांच्या तपासणीची. झाले ते असे की, खरे कारण बाजूला राहिले, सुनेवर रोगाचा शिक्का बसला आणि मांजराची हकालपट्टी झाली.

‘आयजीएम’ पॉझिटिव्ह आल्यासही लगेच घाबरून जाण्याचे कारण नाही. ही प्रतिपिंडे काही जणींत महिनोन् महिने टिकतात व चाचणी कधी कधी चुकीचा संकेतही देते. अशा वेळी ‘ॲव्हिडिटी’ नावाच्या पुढील चाचणीने संसर्ग नवा की जुना, हे बऱ्याच अंशी ठरविता येते. केवळ एका कागदाच्या आधारे गर्भपाताचा निर्णय घेणे सर्वस्वी अनुचित होय. नवा संसर्ग खरोखरच सिद्ध झाला, तर त्यावर औषधे उपलब्ध आहेत. गर्भावस्थेच्या पूर्वार्धात सहसा स्पायरामायसिन देतात. गर्भाला बाधा झाल्याचे निश्चित झाल्यास तज्ज्ञ डॉक्टर अन्य औषधांची योजना करतात. ही औषधे स्वतःच्या मनाने घेण्याची नव्हेत. काही देशांत मेंढ्यांसाठी या रोगाची लस वापरली जाते. माणसांसाठी मात्र अद्याप लस नाही. त्यामुळे प्रतिबंध हाच मुख्य उपाय उरतो.

घरात व शेतात घ्यावयाची दक्षता

आपल्याकडे मटण रटरटा शिजवण्याची रीत आहे, ही जमेची बाजू होय. ६७ अंश सेल्सिअस तापमान मांसाच्या आतपर्यंत पोहोचले की जंतूच्या पुटी नष्ट होतात. कुकरमध्ये किंवा उकळत्या रश्श्यात हे सहज साधते. धोका असतो तो वरून भाजलेल्या व आतून लालसर राहिलेल्या कबाबात, अर्धवट शिजलेल्या खिम्यात आणि शिजण्यापूर्वी मीठ-मसाल्याची चव पाहण्याच्या सवयीत. कच्चे मांस कापलेल्या विळीवर वा सुरीने लगेच कोशिंबिरीचा कांदा चिरू नये. विळी, पाट व हात साबणाने धुवावेत.

शाकाहारी स्त्रियांनीही निर्धास्त राहू नये. कोथिंबीर, मेथी, मुळा, गाजर यांना लागलेली माती वाहत्या किंवा दोन-तीनदा बदललेल्या पाण्याने धुऊन काढावी. उघड्या विहिरीचे वा ओढ्याचे पाणी गर्भवतीने उकळून प्यावे. शेळीचे दूध नेहमी तापवून घ्यावे.

शेतमजूर स्त्रीचा दिवस मातीतच जातो. दुपारी बांधावर भाकरी सोडण्यापूर्वी हात साबणाने, नखांतील मातीसह, धुणे तिच्या दृष्टीने औषधाइतके मोलाचे आहे. खुरपणी करताना किंवा परसातील वाफे भाजताना हातमोजे मिळाले तर उत्तमच. न मिळाल्यास हातांना कापडी पिशवी बांधावी व काम झाल्यावर ती धुऊन उन्हात वाळवावी. गर्भारपणात माती किंवा भिंतीचे पोपडे खाण्याचे डोहाळे काही स्त्रियांना लागतात. घरच्यांनी ते कौतुकाने पुरवू नयेत. ती सवय पुष्कळदा रक्तक्षयाचे लक्षण असते आणि तिच्यातून जंतांबरोबर हा जंतूही पोटात जाऊ शकतो. अशा स्त्रीला आरोग्य केंद्रात नेऊन तिच्या रक्ताची तपासणी करून घ्यावी.

शेळी गाभडल्यास मृत पिलू व वार गर्भवती स्त्रीने हाताळू नये. दुसऱ्या कोणी हातमोजे घालून ते खोल पुरावेत व पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

मांजराला घराबाहेर काढण्याची मुळीच आवश्यकता नाही. घरात मांजर नसले की उंदीर मातात आणि त्यांच्याबरोबर लेप्टोस्पायरोसिससारखे दुसरे रोग येतात. मांजराला कच्चे मांस न देता शिजवलेले अन्न द्यावे. त्याची विष्ठा घरातील दुसऱ्या माणसाने रोज उचलून खोल पुरावी. मांजर आडवे गेल्याने कोणाचे काही बिघडत नाही. बिघडते ते न धुतलेल्या हातांनी.

ग्रामपंचायत व शाळा यांचे कार्य

या रोगासाठी स्वतंत्र योजना किंवा मोठा निधी लागतो, असे नाही. विहिरींना कठडे व झाकणे बसविणे, पिण्याच्या पाण्याची टाकी बंदिस्त राखणे, मांस विक्रीच्या जागेतील टाकाऊ भाग मांजरा-कुत्र्यांपुढे न फेकता त्याची विल्हेवाट लावणे आणि अंगणवाडी व शाळेच्या आवारातील वाळूचे ढीग झाकून ठेवणे, ही कामे ग्रामपंचायतीच्या नेहमीच्या कक्षेतील आहेत. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीच्या बैठकीत हा विषय एकदा घेतला, तरी पुष्कळ साधेल. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेस सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गर्भवतींची तपासणी होते. त्या दिवशी आशा कार्यकर्ती व आरोग्यसेविका यांनी आहाराच्या सल्ल्याबरोबर हात, भाजी, पाणी व मांस यांविषयीच्या चार गोष्टी सांगाव्यात.

शिक्षकांचे साहाय्यही मोलाचे ठरेल. आजची विद्यार्थिनी ही उद्याची माता आहे. जीवशास्त्राच्या तासाला या जंतूचे जीवनचक्र फळ्यावर काढून दाखविले, तर मांजर, उंदीर, माती, शेळी व माणूस यांची साखळी मुलींच्या कायमची लक्षात राहील. एखादा विद्यार्थी एका डोळ्याने नीट पाहू शकत नसेल, तर चष्म्याच्या दुकानाऐवजी त्याला प्रथम नेत्रतज्ज्ञांकडे पाठविण्याची सूचना पालकांना करावी.

ज्या गर्भवतीला आतापर्यंत हा संसर्ग झालेला नाही, तिला नऊ महिने त्यापासून दूर ठेवणे, एवढेच या प्रश्नाचे थोडक्यात सूत्र आहे. ती एकटीची जबाबदारी मात्र नव्हे. पाणी उकळण्यास लागणारे सरपण आणणारा पती, भाजी धुऊन देणारी नणंद, विहिरीला झाकण बसविणारा सरपंच, अहवालाचा खरा अर्थ समजावून सांगणारी आरोग्यसेविका, यांपैकी प्रत्येकाचा त्यात वाटा आहे. त्या खेड्यातील तरुणीला हा अर्थ वेळीच कोणी सांगितला असता, तर तिचे कितीतरी दिवस दोषी असल्याच्या भावनेत गेले नसते. आपल्या गावातील दुसऱ्या कोणत्याही तरुणीवर तशी वेळ येऊ न देणे, हे आपल्या सर्वांच्या हाती आहे.